टाळी, थप्पड आणि सत्यता सारणी

फोंड्याहून एका विद्यार्थिनीने विचारलंय: "भावाकडे त्याचा मोबाईल बघायला मागितला, त्याने दिला नाही. आजी लगेच म्हणाली, 'कर नाही त्याला डर कशाला?' झालं, त्याने काहीतरी केलंय असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. टीचर, मी यंदा विधानीय तर्कशास्त्र शिकतेय, म्हणजे 'आणि', 'किंवा', 'जर–तर' यांनी जोडलेल्या विधानांचं. कागदावर मांडून बघितलं तर आजीचा युक्तिवाद चक्क वैध निघाला. मग तो मला पटत का नाही? आणि मुळात घरातल्या उपदेशांना हे असलं तर्कशास्त्र लावावं का?"

कागद घेऊन बसलीस याबद्दल आधी शाबासकी. ३३ वर्षं महाविद्यालयात हा विषय शिकवला, पण घरच्या भांडणाची सत्यता सारणी (विधानं खरी-खोटी धरून प्रत्येक शक्यता एकेका ओळीत मांडायची, ती) करून आणणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. बाकीच्यांची सारणी पेपरच्या दिवशी तोंडपाठ, दुसऱ्या दिवशी साफ.

तुझी मांडणी बरोबर आहे. 'त्याने काही केलंय' याला क म्हणू, 'तो घाबरलाय' याला ड. म्हण सांगते: क नाही, तर ड नाही. आता ड समोर दिसतोय. क नसता तर ड नसता. ड तर आहे. म्हणजे क असलाच पाहिजे. घाबरलाय, त्याअर्थी केलंय. यात कुठेही फट नाही. आपले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, धुराच्या उदाहरणात हेच करतात: जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, जसं तळं; डोंगरावर धूर दिसतोय, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. याला ते व्यतिरेक म्हणतात. तुझ्या आजीने तोच व्यतिरेक नातवाला लावला.

पण युक्तिवाद वैध असणं वेगळं आणि निष्कर्ष खरा असणं वेगळं. वैध म्हणजे एवढंच, की आधारविधानं खरी असतील तर निष्कर्ष खोटा पडू शकत नाही. ती खरी आहेत का, हे सारणीला विचारून उपयोग नाही. डोळे उघडे ठेवून आजूबाजूला बघावं लागतं. इथे फार लांब बघायलाही नको. पर्वरीच्या हमरस्त्यावर पोलिसाने शिट्टी मारली की माझ्या छातीत धस्स होतं. हेल्मेट डोक्यावर, लायसन्स पर्समध्ये, विमा चालू, तरी धस्स. क नाही आणि ड आहे. जर–तर विधान खोटं ठरवणारी सारणीत एकच ओळ असते, ती हीच: 'जर' खरा, 'तर' खोटा. ती ओळ रस्त्यावर रोज भेटते.

शिवाय आजीने एक विधान न उच्चारताच आत घेतलंय: फोन दिला नाही, म्हणजे घाबरलाय. का बरं? एखाद्या मित्राने रात्री दोन वाजता त्याला आपलं रडगाणं लिहून पाठवलं असेल, ते बहिणीने वाचू नये एवढंच त्याच्या मनात असेल. नकारापासून भीतीपर्यंतचा पूल कुणी बांधलाच नाही, आणि सगळं घर त्यावरून चालत पलीकडे गेलं. उपदेश तपासताना पहिलं काम हे: न बोललेलं विधान शोधून कागदावर लिहायचं. लिहिलं की निम्म्या वेळा लिहिणाऱ्यालाच हसू येतं.

तरी तुझ्या प्रश्नाचा गाभा अजून शिल्लकच आहे. म्हण इतकी उघड खोटी असेल तर ती ऐकल्यावर आपण मान का डोलावतो? शब्द नीट बघ. म्हण 'डर नाही' म्हणत नाही, 'डर कशाला' म्हणते. म्हणजे घाबरायचं कारण नाही, घाबरू नये. हा झाला धीराचा शब्द. तू काही केलं नाहीस ना, मग ताठ मानेने जा. या अर्थाने ती कुणालाही पटते, मलाही. पण या अर्थावरून उलट जायला गेलीस तर हाती एवढंच लागतं: ज्याला घाबरण्याचं कारण आहे त्याने काहीतरी केलंय. 'कारण आहे'पर्यंत पोचायला 'घाबरलाय' एवढं पुरत नाही, कारण माणूस विनाकारणही घाबरतो. म्हणजे 'घाबरू नये' असा अर्थ घेतला तर म्हण पटते पण भावाला पकडता येत नाही. 'घाबरत नाही' असा घेतला तर भाऊ सापडतो, पण म्हण खोटी. आजीने पटवताना पहिला अर्थ वापरला आणि पकडताना दुसरा. तिला कळलंही नाही, आणि तिचा दोषही नाही. भाषाच अशी निसरडी आहे. तुला जे खुपत होतं ते हे.

'आहे' आणि 'असावं' यांची ही सरमिसळ डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७४० च्या सुमारास टिपली होती: लेखक बराच वेळ काय आहे ते सांगत असतात आणि मध्येच, वाचकाला पत्ता लागू न देता, काय असलं पाहिजे त्यावर उतरतात. आपल्या म्हणींना दोन पानंही लागत नाहीत, एका क्रियापदात काम होतं.

आता एक प्रसंग सांगते. बरीच वर्षं झाली. आमच्या शेजारची मुलगी लग्नानंतर दोन वर्षांनी दोन बॅगा घेऊन माहेरी परत आली. नवरा हात उचलायचा. संध्याकाळी त्यांच्या सोप्यावर घरचे पाच-सहा जण बसले. मीही होते, मांडीवर तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. तिच्या चुलत काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "हे बघ बाय, एका हाताने टाळी वाजत नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. पोरगी खाली बघत होती. मग म्हणाली, "आठ महिने मी तोंड उघडलं नाही, काका. एक शब्द उलट बोलले नाही."

माझ्या डोक्यात आपोआप अक्षरं पडायला लागली, सवयच ती. टाळी वाजली, तर डावा हात आहे आणि उजवा हात आहे. ऑगस्टस डी मॉर्गनचा नियम (हा गणिती १८०६ साली मदुराईत जन्मला, हे मी वर्गात दरवर्षी सांगायचे, तेवढंच मुलं जागी व्हायची) म्हणतो: 'दोन्ही आहेत' याचा नकार म्हणजे 'निदान एक तरी नाही'. तेव्हा काकांच्या म्हणीतूनच निघतं, की दोहोंपैकी एक हात जरी बाजूला झाला तरी टाळी थांबली पाहिजे. हिने आपला हात आठ महिने बाजूला ठेवला. आवाज थांबला नाही. म्हणून... मी मनात 'म्हणून'पाशी पोचते तोवर तिची आजी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "ती टाळी न्हय, थापट ती. थापट एका हातान वाजता."

शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. तिने काकांची म्हण नाकारली नाही, मान्य करून त्यांच्याच गळ्यात टाकली: टाळीला दोन हात लागतात ना? मग हा दुसरा हात नसताना वाजणारा आवाज टाळीचा नव्हेच. उत्तरांग ('तर'चा भाग) खोटं ठरवून पूर्वांग ('जर'चा भाग) खोडणं मी वर्षातून सहा तासिका खर्च करून शिकवायचे. काका गप्प झाले. पटलं म्हणून की आजीच्या आवाजाने, ते मला सांगता येणार नाही.

त्या म्हणीत दुसरीही एक गफलत आहे, ती आजीने सोडून दिली. खरोखर टाळी असली, म्हणजे दोघेही भांडत असले, तरी 'दोघांचा सहभाग' यातून 'दोघांचा दोष' निघत नाही. चोरी व्हायला चोर लागतो आणि ज्याचं चोरीला जातं तोही लागतो. म्हणून घरमालक अर्धा चोर? हात लागणं ही घटना, दोष हा निवाडा, आणि म्हण दोन्हीसाठी एकच चित्र वापरते. पुन्हा तेच: पटते एका अर्थाने, चालते दुसऱ्या.

'करावे तसे भरावे' हे दुसरं हत्यार. म्हणीत सांगितलेली दिशा अशी: वाईट केलं, तर वाईट भोगावं लागेल. लोक ती उलट चालवतात: भोगतोय ना, मग केलं असणार. याला व्यत्यास म्हणतात, भूमितीत तू तो शिकलीस. मूळ प्रमेय खरं म्हणून व्यत्यास खरा असतोच असं नाही, तो वेगळा सिद्ध करावा लागतो. आपल्याकडे खाडीकाठच्या खाजन शेतांच्या बांधात मानस, म्हणजे पाण्याची दारं, असते, पाहिली असशील. भरतीचं पाणी दाबतं तेव्हा तिची दारं मिटतात, खाडीचं खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला ती उघडतात आणि शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर पडतं. जर–तर विधान हे असं मानशीचं दार आहे. एका दिशेने जाऊ देतं. उलट दिशेने ढकलून उघडलंस तर शेत खारं होणार. नैयायिकांनी हेही पाहून ठेवलं होतं. धुरावरून अग्नी ओळखता येतो, अग्नीवरून धूर नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपण लागतं. ही जी मधली अट असते तिला ते उपाधी म्हणतात.

२०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्या पोरांबद्दल 'करावे तसे भरावे' हे मी बसमध्ये, बाजारात, लग्नाच्या पंगतीत ऐकलं. खाणीची माती ज्यांच्या शेतात वाहून आली त्या शेतकऱ्यांबद्दल मात्र कुणी ते म्हणालं नाही. म्हणीत सुचवलेला नियम सगळ्यांना सारखाच लागू असायला हवा. पण बोलणारा तो ज्याच्याबद्दल आधीच मत करून बसलाय त्यालाच लावतो. हे मात्र सारणीत सापडत नाही, त्यासाठी माणसं ऐकावी लागतात.

इथे तुला वाटेल, की आपल्या लोकांना जर–तर कळतच नाही. तसं नाही, आणि हा भाग मला नेहमीच गमतीचा वाटत आलाय. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये चार पत्त्यांचं कोडं मांडलं: एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा, आणि नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम आकडा असला पाहिजे. समोर चार पत्ते, एकावर स्वर, एकावर व्यंजन, एकावर सम आकडा, एकावर विषम. नियम पाळला गेलाय का हे बघायला कोणते पत्ते उलटशील? स्वर उलटायचा हे सगळ्यांना सुचतं. विषम आकडाही उलटायला हवा हे बहुतेकांना सुचत नाही. ते सम उलटतात, ज्याचा काही उपयोग नाही. पुढे १९८२ मध्ये फ्लोरिडात तेच कोडं बिअर आणि वयाच्या नियमावर घातलं, तर बहुतेकांना ते सुटलं.

मी ते गोव्याला साजेसं करून वर्गात घालायचे. आपल्याकडे दारूसाठी कायद्याने वय १८. बारमध्ये चौघं बसलेत: एक फेणी पितोय, एक लिंबू सोडा, एक ४० वर्षांचा दिसतोय, एक १६ वर्षांचा आहे हे तुला माहीत आहे. कुणाला तपासशील? मागच्या बाकावरची, कधी हात वर न करणारी मुलंसुद्धा ओरडायची: फेणीवाल्याचं वय आणि सोळावाल्याचा ग्लास! लिंबू सोडावाल्याचं वय विचारायला कुणी उठत नाही, चाळिशीतल्याच्या ग्लासात कुणी डोकावत नाही. पत्त्यांवर नापास झालेलाच वर्ग पाच मिनिटांत बारमध्ये पहिल्या वर्गात पास. कायदा, कर्तव्य, फसवणूक म्हटलं की माणसाची बुद्धी सरळ चालते. तेव्हा उपदेशांना तर्क लावणं हे काही परकं काम नाही. तुझ्या आजीलाही जमतं ते, फक्त आपल्याच नातवाच्या बाबतीत नाही.

आता माझी स्वतःची फजिती. मराठीतला 'नाहीतर' हा शब्द बघ. नाही अधिक तर. 'अ नाहीतर ब' म्हणजे 'अ नाही, तर ब', आणि सारणी मांडलीस तर हे 'अ किंवा ब' याच्याशी तंतोतंत जुळतं. 'किंवा' आणि 'जर–तर' यांचं हे नातं मुलांना पटवायला इतर भाषांत घाम गाळावा लागत असेल. आपल्याकडे ते शब्दाच्या पोटातच आहे. तर मी माझ्या मुलाला लहानपणापासून सांगत आले, "अभ्यास कर, नाहीतर गुरं राखशील." त्याने केला. इंजिनिअर झाला. आणि मग दोन वर्षं घरी बसला. सरकारी भरतीचे अर्ज, परीक्षा, पुन्हा अर्ज. एका रात्री जेवताना म्हणाला, "आई, अभ्यास केला तर बरं होईल म्हणाली होतीस ना? खोटं बोललीस."

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "मी असं कधीच म्हटलं नाही. अभ्यास केला नाहीस तर गुरं राखशील असं म्हटलं होतं. केलास तर काय होईल याबद्दल मी काही बोललेच नव्हते." सारणीप्रमाणे शंभर टक्के बरोबर. 'अभ्यासही केला आणि गुरंही राखली' ही ओळ 'किंवा'त खरीच असते. तो ताट घेऊन उठला.

तर्काने मी जिंकले आणि माणूस म्हणून सपशेल आपटले, कारण ते वाक्य बोलताना मीही दुसरा अर्ध भाग मनात धरूनच बोलले होते आणि त्यानेही तो धरूनच ऐकलं होतं. 'पोळ्या लाटून झाल्या तर खेळायला जा' म्हटलं, की नाही झाल्या तर जायचं नाही, हे पोराला सांगावं लागत नाही. गाइस आणि झ्विकी या दोन भाषाशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये यावर लिहिलं: काही निष्कर्ष वाक्यातून निघत नाहीत, पण वाक्य ऐकणाऱ्याला त्यांचं आमंत्रण देतं. उपदेश देणारा हे आमंत्रण हातात अक्षता देऊन करतो, आणि पाहुणा दारात आला की म्हणतो, मी कुठे बोलावलं? म्हणून घरच्या उपदेशांत मी आता दोन सारण्या मांडते, एक शब्दांची आणि एक ऐकणाऱ्याला जे समजणं साहजिक होतं त्याची. दोन्हींत फरक पडला तर जबाबदारी बोलणाऱ्याची. मुलाला पुढे पुण्याला नोकरी लागली. पण त्या रात्रीचं माझं उत्तर त्याला अजून आठवतं आणि तो ते माझ्या पाहुण्यांसमोर सांगतो.

एक उदाहरण मात्र असं, जिथे सारणीने मला जुनी गोष्ट नव्याने दाखवली. मनुस्मृतीतला तो श्लोक (४.१३८) तुझ्याही पाठ असेल: सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयात्, न ब्रूयात् सत्यमप्रियम्, प्रियं च नानृतं ब्रूयात्, एष धर्मः सनातनः. दोन विधानं: बोलणं खरं आहे, बोलणं गोड आहे. चार ओळी होतात. खरं आणि गोड: बोल. खरं पण कडू: बोलू नको. खोटं पण गोड: बोलू नको. खोटं आणि कडू: याचा वेगळा उल्लेखच नाही, तो वगळला हे ठीकच आहे.

पण थांब. पहिल्या चरणाचा अर्थ 'बोलायचंच असेल तर खरं आणि गोड बोल' असा घेतलास, तर पुढचे दोन चरण त्यातून आपोआप निघतात. डी मॉर्गन पुन्हा: खरं नसेल किंवा गोड नसेल, तर बोलायचं नाही. मग श्लोककाराने ते पुन्हा का सांगावं? निव्वळ छंद भरायला? मला तसं वाटत नाही. 'सत्यं ब्रूयात्' ही नुसती अट नसून आज्ञाही आहे असं घे: खरं बोलच. मग कडू सत्याच्या ओळीत पहिली आज्ञा म्हणते बोल, दुसरा चरण म्हणतो बोलू नको. आता दुसऱ्या चरणाला काम मिळालं: तो पहिल्या आज्ञेला घातलेला अपवाद आहे. एका वाचनात श्लोक स्वतःचीच पुनरुक्ती करतो, दुसऱ्यात पेच टाकून सोडवतो. मी दुसऱ्या वाचनाच्या बाजूची.

आणि दोन्ही वाचनांत कडू सत्यापुढे उरतं ते मौन. आमच्या वाड्यावरच्या भजनात एक गृहस्थ आहेत, गजर सुरू झाला की त्यांचा सूर सगळ्यांना सोडून वेगळ्याच गावाला जातो. आरती झाली, प्रसाद घेतला, की हटकून विचारतात, "वहिनी, आज कसा लागला आवाज?" खरं कडू, गोड खोटं. श्लोकाप्रमाणे मी गप्प राहायचं. पण समोर माणूस विचारून उभा आहे तेव्हा गप्प राहणं हेही बोलणंच झालं, आणि तेही खरं आणि कडू! दुसऱ्या चरणाची पळवाट बंद. मी म्हणते, "पखवाज आज छान लागला होता." हे खरं आहे, गोड आहे, आणि विचारलं होतं त्याचं उत्तर नाही. श्लोकात दोन विधानं आहेत, आयुष्यात तिसरंही असतं: विचारलेल्याचं उत्तर दिलं का?

आता जिथे हे हत्यार बोथट होतं ते सांगते, नाहीतर तू उद्या सगळ्या घराला सारणीवर चढवशील. विधानीय तर्कशास्त्रात 'जर' खोटा असला की सगळं जर–तर विधान फुकटात खरं होतं. गणितात ते चालतं. नीतीत? पुढाऱ्यांचा माफीनामा आठव: 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगीर आहे.' दुखावल्याच नाहीत असं तो मनात धरून बसला असेल, तर त्याच्या मते या वाक्याने त्याला काहीच करायला लावलं नाही. वाक्य खरं, माफी शून्य. इथे सारणी आपला दोष दाखवता दाखवता त्याचाही दाखवते, म्हणून हे उदाहरण मला प्रिय.

दुसरी अडचण आज्ञांची. आज्ञा खरी किंवा खोटी नसते, ती पाळली जाते किंवा मोडली जाते. तर्कात 'अ' वरून 'अ किंवा ब' बेलाशक निघतं. आई म्हणाली, "आजीला औषध दे." मग 'आजीला औषध दे किंवा मोरीत ओतून टाक' हीही आज्ञा निघाली का? डेन्मार्कच्या आल्फ रॉसने १९४१ मध्ये पत्र पेटीत टाकण्याचं उदाहरण घेऊन हाच पेच दाखवला. फॉन राइट या तत्त्वज्ञाने १९५१ मध्ये 'पाहिजे' आणि 'चालेल' यांच्यासाठी वेगळी चिन्हं घेऊन कर्तव्याचं तर्कशास्त्र उभं केलं, तरी तो पेच पुरता सुटला नाही. आणि १९६३ मध्ये रॉडरिक चिझम या तत्त्वज्ञाने आणखी एक पेच काढला. आपल्या भाषेत असा: आजारी मावशीला भेटायला मडगावला गेलंच पाहिजे. जायचं तर आधी फोन करून येतोय म्हणून सांगितलं पाहिजे. जायचं नाही तर येतोय असं सांगता कामा नये. आणि भाचा काही जात नाही. चारही वाक्यं कुठल्याही घरात एका दमात ऐकू येतील, त्यात कुणाला विसंगती वाटणार नाही. चिन्हांत घातली की पहिल्या दोहोंतून 'फोन केला पाहिजे' आणि शेवटच्या दोहोंतून 'फोन करता कामा नये' असं दोन्ही निघतं. चूक झाल्यावर काय करायचं याचे नियम, आणि चूक होऊ नये यासाठीचे नियम, यांना एका पातळीवर आणलं की असं होतं. घरातला सगळा शहाणपणा तर बहुतेक पहिल्या जातीचाच असतो: झालं ते झालं, आता निदान हे तरी कर.

'शितावरून भाताची परीक्षा' वगैरे म्हणी मी या वाटेने नेतच नाही. तो नमुन्यावरून अंदाज बांधण्याचा मामला आहे, भात एकाच टोपात एकाच आगीवर शिजलाय म्हणून चालतो. माणसं एका टोपात शिजत नाहीत, इतकं लक्षात ठेवलं की झालं.

तेव्हा लावावं का, याचं माझं उत्तर: भांडण नेमकं कुठल्या विधानावर आहे ते सापडेपर्यंत लावावं आणि सापडलं की कागद मिटून त्या विधानाबद्दल बोलावं. तुझ्या घरी ते विधान आहे 'नाही म्हणतो तो घाबरतो' हे. त्यावर भावाशी बोल, आणि आजीशीही. आजीसमोर मात्र क आणि ड काढू नकोस, ती तुला सरळ खोबरं खवायला बसवेल. दर महिन्याला डॉक्टरने हाताला पट्टा गुंडाळला की तिचं बीपी वर जातं, असं असेल तर (आमच्या वयात बहुतेकींचं जातं) पुढच्या खेपेला तिच्यासोबत जा आणि परत येताना बसमध्ये हळूच विचार, "आजी, तू काय केलंयस गो?"